आपली कॉलेजं इतकी भकास का दिसतात?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा. शेवटी एक कामाची गोष्ट आहे, ती तेवढी आमच्या गावकऱ्यांनी जरूर वाचावी.

लेक यंदा बारावी झाली. सीईटीला बरे मार्क पडले. कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी कॉलेजं डोळ्यानं बघून यावीत म्हणून दोन दिवस मोटरसायकलवर तिला घेऊन हिंडलो. तीन कॉलेजं झाली. नावं लिहीत नाही, लिहायचं कारणही नाही, कारण तिन्ही सारखीच होती. हायवेला लागून कमान. कमानीवर संस्थापकांच्या वडिलांचं किंवा आईचं नाव. आत गेलं की पुतळा, पुतळ्याभोवती साखळी. मग मुरमाचं मोठं मैदान आणि त्याच्या पलीकडे चार मजली इमारत. समोरून निळी काच, बाजूनं गिलावासुद्धा नाही. गच्चीवर सळया तशाच उभ्या, पाचवा मजला कधीतरी होईल या आशेवर. एका ठिकाणी तर फाटकापासून इमारतीपर्यंत चालत जाताना पोरीनं ओढणी डोक्यावर घेतली, इतकं ऊन. वाटेत एक झाड नाही. होती ती ‘आय लव्ह’वाली मोठी लाल अक्षरं, सेल्फी पॉइंट म्हणून.

पोरगी वही घेऊन आली होती. तिनं रकाने पाडले होते: फी, प्लेसमेंट, एसटी, मुलींचं टॉयलेट, लायब्ररी. तिसऱ्या कॉलेजात सगळं लिहून झाल्यावर मला म्हणाली, “पप्पा, इथं चार वर्षं बसायचं कुठं?”

मी म्हणालो, “वर्गात.”

“अहो, तास नसताना?”

मला उत्तर सुचलं नाही. त्या कॉलेजात खरंच तास नसताना बसायला जागा नव्हती. पोरं मोटरसायकलींवर बसलेली, पोरी जिन्याच्या पायऱ्यांवर. मी वीस वर्षं बातम्या लिहितोय. कॉलेजांच्या फीवर लिहिलं, शिष्यवृत्तीच्या घोळावर लिहिलं, रॅगिंगवर लिहिलं. ‘तास नसताना पोरांनी बसायचं कुठं’ यावर एक ओळ लिहिली नव्हती. घरी आल्यावर जुनी पुस्तकं, कात्रणं काढून बसलो. आपल्याकडं कॉलेज नावाची जागा आली कशी आणि तिचं हे असं झालं कसं, ते जरा नीट जुळवून बघितलं. ते तुमच्यापुढं ठेवतो.

सुरुवात अर्थात इंग्रजांपासून. मुंबई विद्यापीठ 1857 चं. फोर्टातली त्याची जुनी वास्तू, ते पदवीदान सभागृह आणि शेजारचा राजाबाई टॉवर, हे सगळं काढलं जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट नावाच्या विलायती वास्तुकारानं. आणि गंमत बघा, हा माणूस हिंदुस्थानात कधी आलाच नाही. लंडनमध्ये बसून नकाशे पाठवले. पैसे मात्र इथले. सभागृहाला कावसजी जहांगीर यांचे, ग्रंथालय आणि मनोऱ्याला प्रेमचंद रायचंद यांचे. मनोरा 1878 ला पुरा झाला, 280 फूट, आणि प्रेमचंदांनी त्याला आपल्या आईचं नाव दिलं. म्हणजे कॉलेजाला आईबापाचं नाव द्यायची पद्धत काही आपल्या शिक्षणसम्राटांनी काढलेली नाही. फरक एवढाच, की प्रेमचंदांनी दान दिलं होतं, धंदा काढला नव्हता.

पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेज. संस्था 1821 पासूनची, संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेली, पण ती दगडी गॉथिक इमारत 1868 ची. तिलाही जमशेटजी जीजीभाय यांच्या देणगीचा मोठा आधार. उंच छपरं, रुंद व्हरांडे, कमानी, भोवती झाडी, जवळ नदी. टिळक तिथं शिकले, वसतिगृहात राहिले, त्यांची खोली अजून जपून ठेवलीय. टिळक आणि आगरकर यांची गाठ तिथलीच. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, हे त्यांचं बोलणं 1879 च्या सुमारास त्याच आवारात झालं. आता हे बोलणं कुठल्या तासाला झालं? तासाला नाहीच झालं. तास नसताना झालं. त्यातून 1880 ला चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल निघालं, 1884 ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी, 1885 ला फर्ग्युसन. माझ्या पोरीच्या प्रश्नाला इतिहासात उत्तर आहे ते असं.

पण मी उगाच जुन्याचे गोडवे गात नाही. त्या सुंदर इमारतींत शिकणारी पोरं किती आणि कोणाची होती? मूठभर, आणि बहुतेक ठरलेल्या दोनचार जातींची. माझ्या आज्याला डेक्कन कॉलेजच्या व्हरांड्यात कोणी उभं केलं नसतं. पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आज सगळे फोटो काढायला जातात, ती तर कॉलेज म्हणून बांधलेलीच नव्हती. गणेशखिंडीतला तो गव्हर्नरचा बंगला. बार्टल फ्रिअरच्या काळात काम सुरू झालं, 1871 ला पुरं झालं, आणि खर्च इतका वाढला की विलायतेच्या पार्लमेंटात त्यावरून ओरड झाली. विद्यापीठ तिथं आलं 1949 ला, बॅरिस्टर जयकर कुलगुरू असताना. म्हणजे आपल्या राज्यातल्या सगळ्यात देखण्या विद्यापीठाचं देखणेपण हे साहेबाच्या ऐषआरामातून उरलेलं आहे. हे लक्षात ठेवूनच पुढं जाऊ.

मला जास्त विचार करायला लावतात ती पैसे नसताना उभी राहिलेली कॉलेजं.

फर्ग्युसनच घ्या. पहिले वर्ग शनिवार पेठेतल्या वाड्यात भरले. मग दक्षिणेतल्या संस्थानिकांकडं, व्यापाऱ्यांकडं झोळी घेऊन फिरून पैसा जमवला. चतुःशृंगीच्या बाजूला गावाबाहेरचा माळ घेतला आणि 1895 ला तिथं इमारत उभी राहिली. आज त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, तेव्हा तो निव्वळ माळ होता. ज्या कोणी तिथं पहिली झाडं लावली, त्यांना त्यांची सावली मिळाली नसणार. तरी लावली.

मग सातारा. भाऊराव पाटलांनी 1919 ला काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला साताऱ्यात आले आणि सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसवून बोर्डिंग चालवलं. गांधीजी 1927 ला ते बघून गेले. स्वातंत्र्याच्या वर्षी, 1947 ला, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. पोरांनी कष्ट करायचे आणि शिकायचं, फी द्यायची नाही. कमवा आणि शिका. पोरं शेतात राबायची, बांधकामावर राबायची, झाडांना पाणी घालायची. संस्थेचं बोधचिन्ह वडाचं झाड आहे, हे तुमच्यापैकी रयतच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असेल. या माणसाकडं प्रेमचंद रायचंदांसारखा पैसा नव्हता. बायकोचे दागिने मोडून बोर्डिंगातल्या पोरांना जेवू घातलं, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या घराघरात माहीत आहे. तरी रयतच्या जुन्या आवारात गेलात तर झाड आहे, झाडाखाली पार आहे, बसायला जागा आहे. इमारत साधी. बैठी, कौलारू. पण भकास म्हणता येणार नाही.

आणि औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. बाबासाहेबांनी 1945 ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. मुंबईत जागा कुठून आणणार, तिथं फोर्टातल्या इमारतींमध्येच कॉलेज चालवावं लागलं. मराठवाड्यात मात्र त्यांनी वेगळं केलं. तेव्हा हा सगळा भाग हैदराबाद संस्थानातून नुकताच मोकळा झालेला, उच्च शिक्षणाची सोय जवळपास नाही. 1950 ला कॉलेज सुरू झालं आणि 1 सप्टेंबर 1951 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. जागा बघण्यापासून बांधकामापर्यंत बाबासाहेबांनी स्वतः लक्ष घातलं. कॉलेजाला नाव दिलं मिलिंद. मिलिंद म्हणजे तो ग्रीक राजा, ज्यानं भिक्खू नागसेनाला प्रश्नावर प्रश्न विचारले. आणि आवाराला नाव दिलं नागसेनवन.

‘वन’ या शब्दाशी मी बराच वेळ थांबलो. ज्या पोरांच्या बापांना गावच्या विहिरीवर जाता येत नव्हतं, त्या पोरांसाठी हा माणूस कॉलेज काढतो. चार पत्र्याच्या खोल्या बांधल्या असत्या तरी लोकांनी उपकारच मानले असते. पण तो विस्तीर्ण जागा घेतो, वसतिगृहं बांधतो आणि आवाराला वन म्हणतो. गरिबाच्या पोरालाही ऐसपैस, सावलीच्या, मान वर करून फिरता येईल अशा जागी शिकता आलं पाहिजे, हा हिशेब त्यात आहे. दलित साहित्याची आणि चळवळीची किती माणसं त्या आवारातून निघाली हे वेगळं सांगायला नको. तिथंही मुख्य उद्योग तास नसतानाच चालायचा असं जुने विद्यार्थी सांगतात. आज त्या आवाराची काय स्थिती आहे यावर स्वतंत्र लिहावं लागेल. आत्ता ते नको.

कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ 1962 चं. राधाकृष्णन उद्घाटनाला होते, आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. जागा गावाबाहेर सागरमाळावर, साडेआठशे एकरांवर, निव्वळ माळरान. आज तिथं मोर फिरतात आणि आवारात स्वतःची तळी आहेत. एमएच्या परीक्षेला मित्राबरोबर गेलो होतो तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं, की विद्यापीठात लोक सकाळी फिरायला येतात. कॉलेजात कोणी हौसेनं फिरायला येतं ही कल्पनाच माझ्यासाठी नवीन होती.

याच्या जोडीला सरकारी कॉलेजं, पॉलिटेक्निकं. त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. पीडब्ल्यूडीची पिवळी इमारत, कोकणात तीच आणि मराठवाड्यात तीच. पाऊस किती, ऊन किती, याचा नकाशाशी संबंध नाही. पण एक म्हणतो, त्यांना रुंद व्हरांडे होते आणि जागा भरपूर होती. सामाजिक वनीकरणाच्या दिवसांत तिथं निलगिरी, सुबाभूळ लावून ठेवली, ती तरी वाढली.

आता 1983.

हे साल आपल्या राज्यातल्या प्रत्येक घराला शिवून गेलंय. त्याआधी इंजिनिअर व्हायचं तर पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, कराड, औरंगाबाद, अमरावती, नागपूर अशी बोटावर मोजण्याइतकी कॉलेजं. जागा थोड्या, पोरं ढीगभर. ज्यांच्याकडं पैसा होता ती पोरं कर्नाटकात जाऊन कॅपिटेशन भरून शिकायची. आपला पैसा कर्नाटकात का घालायचा, म्हणून वसंतदादा पाटलांच्या सरकारनं 1983 ला विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. सरकार एक पैसा देणार नाही, तुम्ही संस्था काढा, फी घ्या, कॉलेज चालवा. ज्यांच्याकडं आधीच साखर कारखाना, बँक, दूध संघ, शाळा होत्या, त्यांनी कॉलेजं काढली. काढली म्हणजे कशी? आधी परवानगी, मग प्रवेश, मग इमारत. गोदामात, हायस्कुलात, पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरले. पहिल्या वर्षाच्या फीतून तळमजला, दुसऱ्या वर्षाच्या फीतून पहिला मजला. गच्चीवरच्या त्या उभ्या सळया म्हणजे या पद्धतीची सही आहे. देणगीच्या नावाखाली काय काय झालं ते इथं उगाळत नाही. त्यासाठी 1987 चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला, यावरून ओळखा.

त्याच 1987 सालच्या कायद्यानं एआयसीटीईला अधिकार मिळाले. परिषद जुनी, 1945 ची, पण आता तिची मान्यता लागू लागली. मान्यता म्हणजे तपासणी आणि तपासणी म्हणजे मोजमाप. वर्गखोली 66 चौरस मीटर. प्रयोगशाळा 66 चौरस मीटर. वर्कशॉप 200. लायब्ररी 400. प्राचार्यांची खोली 30. मुलींची कॉमन रूम 75. ग्रामीण भागात जमीन किती एकर, शहरात किती, सगळं कोष्टकात. नियम वाईट नव्हते हो. नियम नसते तर गोठ्यात कॉलेजं चालवली असती लोकांनी. पण नियमातला आकडा जेवढा, तेवढंच बांधायचं, ही वृत्ती आली. आमच्या भागातल्या एका संस्थेची इमारत काढणारे इंजिनिअर मला एकदा बोलता बोलता म्हणाले, “पत्रकार, मला नकाशा काढायला सांगत नाहीत. कोष्टक देतात आणि म्हणतात, हे एका छपराखाली बसवा.” त्यांनी बसवलं. मधे दीड मीटरचा पॅसेज, दोन्ही बाजूला 66-66 च्या खोल्या, दिवसा ट्यूबलाइट. आमच्याकडं मे महिन्यात पारा 42 ला जातो. पूर्वीच्या माणसानं अशा हवेसाठी जाड भिंत, उंच छत आणि व्हरांडा केला होता. आपण पश्चिमेच्या उन्हात काच लावली, वरून एसीपी शीट ठोकलं, आणि प्राचार्यांच्या खोलीत एसी बसवला.

कोष्टकात 66 चौरस मीटर मोजता येतात. झाडाखालचा पार मोजता येत नाही. मग तो कशाला बांधतील?

पुढं 2000 नंतर डीएड, बीएडची लाट आली. एका इमारतीला चार बोर्ड. लाट ओसरली, डीएडवाले बंद पडले. मग इंजिनिअरिंगच्या जागा रिकाम्या राहायला लागल्या, तीही कॉलेजं बंद झाली. आमच्या रस्त्यावर तशी दोन धूड उभी आहेत. एकात मंगल कार्यालय चालतं. वर काचा फुटल्यात, पारवे आत-बाहेर करतात.

नॅक 1994 ला आली, तिच्या निकषांत पुढं हरित परिसरही आला. चांगलं झालं, नाही असं नाही. पण कमिटी येणार म्हटलं की आदल्या रात्री टेम्पोतून कुंड्या येतात आणि कमिटी गेली की नर्सरीवाला त्या परत नेतो, हे मी या डोळ्यांनी बघितलंय आणि फोटोसकट छापलंय. त्या कॉलेजाला ग्रेड चांगली मिळाली.

हे सगळं लिहायच्या आधी माझ्या एका वर्गमित्राला फोन केला. आम्ही बारावीपर्यंत बरोबर. मी आर्ट्‌सला गेलो, मग पत्रकारितेचा डिप्लोमा केला. तो 1997 ला एका विनाअनुदानित कॉलेजात गेला. तेव्हा तिथं निम्मं कॉलेज पत्र्यातच होतं. त्याचे वडील ऊसतोडीचे मुकादम. आज तो पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. त्याला म्हणालो, असं असं लिहितोय, भकास कॉलेजांवर. तो चिडलाच.

“तुला काय जातंय बोलायला? त्या पत्र्याच्या शेडनं मला इंजिनिअर केलं. वसंतदादांनी ते केलं नसतं तर मी आज कोयता घेऊन फडात असतो. तुझं ते डेक्कन कॉलेज दिसायला भारी, पण आम्हाला कोण आत घेणार होतं? दिसण्याचं कौतुक पोट भरलेल्यांना.”

हे खरं आहे. मी त्याला विरोध केला नाही आणि इथंही करत नाही. महाराष्ट्रातल्या हजारो कुटुंबांत पहिला इंजिनिअर या भकास इमारतींतूनच निघालाय. ती दारं उघडली नसती तर मीसुद्धा ही पोस्ट लिहीत नसतो. मी त्याला एवढंच विचारलं, “पत्र्याचं मी समजू शकतो. पण चाळीस वर्षं झाली, फी लाखात गेली, संस्थापकाचा बंगला झाला, पोराचं मेडिकल कॉलेज झालं. मग अजून बाकडं का नाही?” तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आम्ही हायवेच्या पलीकडं टपरीवर बसायचो. तिथंच सबमिशन लिहायचो. टपरीवाल्या मामांनी बांबूवर ताडपत्री टाकून सावली केली होती.”

म्हणजे जे काम संस्थेनं करायचं ते टपरीवाल्यानं केलं.

कॉलेजच्या बाहेरच्या जगाचं हेच आहे. कॉलेज आलं की शेजारच्या जिराईत रानाचे प्लॉट पडतात. एनए झालेले-न झालेले. मग कॉट बेसिसची हॉस्टेलं, मेस, झेरॉक्स, मोबाइल रिचार्ज, टपऱ्या. शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही असा 2003 चा कायदा आहे, गुटखा तर 2012 पासून राज्यात बंद आहे. कमानीच्या आत फलक लावलाय, कमानीच्या बाहेर माळा लटकतात. गटार नाही, फुटपाथ नाही, दिवे नाहीत. ग्रामपंचायत म्हणते संस्थेनं करावं, संस्था म्हणते ग्रामपंचायतीनं. एसटीचा थांबा हायवेच्या पलीकडं आणि हिवाळ्यात साडेसहाला अंधार. पोरींना रोज तो चौपदरी रस्ता ओलांडायचा. माझ्या पोरीनं वहीत ‘एसटी’च्या रकान्यात तिन्ही कॉलेजांपुढं एकच शब्द लिहिला होता: ‘पलीकडे’. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची फी माफ झाली, फार मोठी गोष्ट झाली. पण फी माफ झालेली पोरगी रस्ता कसा ओलांडणार हे कुठल्याच जीआरमध्ये नाही.

आणि चांगलं आपल्याला जमतच नाही असंही नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारातच आयुका आहे. नारळीकरांनी उभी केलेली संस्था, चार्ल्स कोरियांनी काढलेली इमारत. काळा दगड, मोकळे चौक, मधे पायऱ्यांचं कुंड, न्यूटन, आइन्स्टाइन, गॅलिलिओ आणि आर्यभटाचे पुतळे, आणि बसायला हवी तेवढी जागा. तुम्ही म्हणाल तिथं केंद्राचा पैसा होता. होता. पण रयतकडं कुठं होता?

आता ती कामाची गोष्ट.

आमच्या गावचं जुनं कॉलेज साठच्या दशकातलं. मी तिथंच शिकलो. अडत बाजारात पोत्यामागं पैसे कापून, हमालांनी एक दिवसाची हजेरी देऊन ते उभं राहिलं, असं आमचे वडील सांगायचे. दगडी जोतं, मंगलोरी कौलं, समोर कडुनिंबाची रांग आणि कोपऱ्यात वड. त्या वडाखाली मी पहिल्यांदा पेपर पूर्ण वाचला, पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत, कारण पुढचा तास दोन वाजता होता. माझ्या पत्रकारितेचा खरा डिप्लोमा तिथला.

आता संस्थेनं रस्त्याच्या बाजूला व्यापारी गाळे काढायचं ठरवलंय. खाली गाळे, वर नवीन काचेची इमारत. त्यासाठी अकरा कडुनिंब आणि तो वड तोडायची परवानगी नगरपरिषदेकडं मागितलीय. झाडांवर नोटिसा लागल्यात. संस्थेचे एक पदाधिकारी भेटले, चांगले माणूस आहेत, मला म्हणाले, “पत्रकार, अनुदान येत नाही, प्राध्यापक भरती बंद, सीएचबीवाल्यांचे पगार कशातून द्यायचे? गाळ्याचं भाडं आलं तर कॉलेज चालेल.” त्यांची अडचण खोटी नाही. मी त्यांना विचारलं, गाळे दक्षिणेच्या बाजूला का नाही, तिथं एकही झाड नाही आणि रस्ताही आहे. म्हणाले, तिकडं भाडं कमी येतं.

हिशेब मांडून बघायला हरकत नाही. किती कमी येतं ते संस्थेनं कागदावर सांगावं. माजी विद्यार्थी म्हणून आम्ही तो फरक वर्गणीतून भरून काढू शकतो का बघू. आज आमच्या बॅचचे कितीतरी डॉक्टर आहेत, बिल्डर आहेत, दोघं परदेशात आहेत. हमालांनी एक दिवसाची हजेरी दिली होती.

राज्याचा 1975 चा झाडांचा कायदा आहे. 2021 ला त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलंय. असं झाड तोडायचं असेल तर त्याचं जितकं वय तितकी झाडं लावून द्यावी लागतात. आमचा वड कॉलेजपेक्षा जुना आहे, जुन्या फोटोत तो दिसतो. तो 1964 चा फोटो माझ्याकडं आहे, हवा त्यानं न्यावा.

काल मी नगरपरिषदेत हरकत दिली. लेकही बरोबर होती. आवक-जावकच्या खिडकीवरच्या ताईंनी अर्ज वाचला, वर बघितलं आणि विचारलं, “यात बाराच झाडं लिहिलीत. ग्रंथालयामागची चिंच राहिली का? तिलाही नोटीस आहे.” मला माहीत नव्हतं. लेकीनं तिथंच पेननं तेरावा क्रमांक लिहिला, मी शेजारी सही केली, शिक्का घेतला.

हरकतीची शेवटची तारीख येत्या सोमवारची आहे. साध्या कागदावर चालतं. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करायचा, झाडांचे क्रमांक नोटिशीवर आहेत ते लिहायचे, तेरा लिहा, बारा नको. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. खिडकी पावणेदहा ते दोन, जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा पाचपर्यंत. ज्यांना बाहेरगावाहून यायला जमणार नाही त्यांनी सही केलेला अर्ज मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, प्रिंट काढून मी नेऊन देतो.